हँडलवर चालू होणारं इंजिन

उंच डोंगरातल्या मुरगाब गावात उलकानला नावानं हाक मारणारं माणूस उरलं नव्हतं. सगळे तिला एजे म्हणत, म्हणजे ताई. शाळेतली पोरं म्हणत ते ठीकच, पण चाळिशीतले दाढीवाले बाप्येही म्हणत, कारण तेही कधीकाळी तिच्याच हातच्या पट्ट्या खाऊन हवेचा दाब शिकले होते. तो तिचा हातखंडा विषय. खाली ओशच्या बाजारात घेतलेली सीलबंद बिस्किटांची पिशवी डोंगर चढून मुरगाबला पोचेपर्यंत टम्म फुगलेली असे. ती पिशवी वर्गासमोर धरून ती विचारायची, "हवेचा जोर कुठं जास्त? आत की बाहेर?" बरोबर सांगणाऱ्याला बिस्किटं, बाकीच्यांना पट्टी. पण सर्वात मोठा मार ठेवलेला असे तो चोरून आकडा लिहिणाऱ्यासाठी. "येत नाही म्हण," ती सांगायची. "आकडा ढापू नकोस. डोंगर तुझी वही वाचत नाही."

तिचा नवरा कुबात रस्तेखात्याचा ट्रक चालवायचा. एका जानेवारीत अक-बैतालच्या घाटात त्याच्या ट्रकमधलं डिझेल गोठलं. नळ्यांमध्ये लोण्यासारखं घट्ट झालं. त्यानं स्टार्टर मारून मारून बॅटरी संपवली. मग ट्रकच्या फळ्या जाळल्या, सीट जाळली, पार टोपीसुद्धा जाळली. तिसऱ्या दिवशी बर्फ काढणारी गाडी वर पोचली. ज्यानं त्याचा गोठलेला देह बाहेर काढला त्या माणसाला उलकाननं घरी बोलावून चहा पाजला आणि सगळं एकेक करून विचारलं. तो बिचारा सांगता सांगता म्हणाला, "किल्ली फिरवलेलीच होती, एजे."

तेव्हा धाकटा मेदेर सहा वर्षांचा होता.

त्यानंतर उलकान कुठल्याही गाडीला एकच प्रश्न विचारायची. घरी आलेल्या पाहुण्यानं नवी गाडी दाखवली, रंग दाखवला, आतला रेडिओ दाखवला, की ती शांतपणे सगळं ऐकून घ्यायची आणि मग म्हणायची, "बॅटरी मेली तर हँडल मारून चालू होते का?" लोक हसायचे. जुन्या रशियन पेट्रोल जीपा तेवढ्या हँडलवर चालू व्हायच्या. समोरून लोखंडी दांडा खुपसायचा, दोन हिसके द्यायचे, की इंजिन धुगधुगायला लागे. डिझेलला हातानं फिरवायला माणूस नव्हे, बैल हवा.

थोरली दोन मुलं रशियात गेली आणि तिकडचीच झाली. सणाला फोन करायची. मेदेर धाकटा, म्हणजे घर त्याचं, आई त्याची, चूल त्याची. तसाच रिवाज आहे आणि मेदेरनं त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. त्यानं गावातच बेगायमशी लग्न केलं, एक मुलगी झाली, एक जुनी जीप घेतली आणि सहा वर्षं पोती, मेंढ्या, म्हाताऱ्या, आजारी माणसं वाहिली. मग एका वसंतात जीपचं इंजिन आतून धरलं, जाम होऊन बसलं. जोरो मिस्त्रीनं झाकण उघडून आत पाहिलं आणि हात पुसले. "याचं आता फक्त वजन उरलंय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध-मिठाचा चहा पिताना मेदेरनं दस्तरखानावर, जेवणाच्या कापडावर, बोरसोकचे म्हणजे तळलेल्या पिठाचे तीन तुकडे ओळीनं मांडले.

"बघ आपा, ही तीन इंजिनं." आईला तो आपा म्हणे. "हे पहिलं. जोरोकडं पडलेलं, अगदी होतं तसंच जुनं पेट्रोल. तो त्याचे पिस्टन नवे करून देईल. हे दुसरं, नव्या बनावटीचं पेट्रोल, ताकद बरी, पण त्यात कॉम्प्युटर आहे."

"आणि तो बिघडला तर मुरगाबात तपासणार कोण?" बेगायम चहा ओतता ओतता म्हणाली. "गावचे म्हातारे तुर्दाकुन आबा, जीभ लावून?"

मेदेर हसला आणि दुसरा बोरसोक खाऊन टाकला. "गेलं ते. आता हे तिसरं. ओशला एका उलटलेल्या मिनीबसमधून निघालंय. जपानी डिझेल, टर्बोवालं. भरली गाडी घेऊन अक-बैताल एका दमात चढतं. खातंही निम्मं."

उलकान तिसऱ्या बोरसोककडं पाहत राहिली.

प्रश्न नुसत्या गाडीचा नव्हता, आणि हे तिघांनाही ठाऊक होतं. ओशच्या एका प्रवास कंपनीचा माणूस महिन्यापूर्वी येऊन गेला होता. उन्हाळ्यात परदेशी पाहुणे, हिवाळ्यात भूगर्भवाल्यांचं सामान. बारमाही काम. अट एकच, भरल्या गाडीनं घाट न थांबता पार व्हायला हवा. आणि दुसरीकडं बेगायमचा भाऊ रशियाच्या उत्तरेकडून, तेलाच्या विहिरींच्या मुलखातून, दर आठवड्याला फोन करत होता की ये, जागा आहे.

"हे काम मिळालं तर मी इथंच, आपा," मेदेर म्हणाला. "नाही मिळालं तर मला जावं लागेल. मला जायचं नाहीये. म्हणून सांगतोय."

"मी हिशेब करून बघते," उलकान म्हणाली.

तिनं तो शाळेत, मधल्या सुट्टीत, चौकटीच्या वहीत केला. तीन रकाने पाडले. ताकद, वजन, पेट्रोल-डिझेलचा खर्च, सुटे भाग, थंडीत चालू होणं. खिंडीच्या माथ्यावर हवा समुद्रकाठच्या निम्म्याहून थोडीच जास्त. म्हणजे साधं पेट्रोल इंजिन तिथं जवळजवळ निम्मी ताकद खाली ठेवूनच वर पोचणार. हे तिनं प्रामाणिकपणे लिहिलं. डिझेलच्या रकान्यातही तेवढीच कपात लिहिली. टर्बो बाहेरची विरळ हवा दाबून आत भरतो, त्यामुळं ती कपात तिथं लागू पडत नाही, हे तिला ठाऊक होतं. गेल्याच वर्षी तिनं आठवीला ते शिकवलं होतं. ती ओळ तिनं लिहिली नाही.

मेदेरनं वही हातात घेतली, बोट फिरवत फिरवत खाली आला आणि थांबला.

"एक ओळ राहिली."

"कुठली?"

"तुला माहितीय कुठली. वर्गात कुणी अशी वही दिली असती तर पट्टी मोडली असतीस त्याच्या हातावर." त्यानं वही मिटून तिच्यापुढं ठेवली. "आज माझ्याशी कोण बोलतंय? आपा की एजे?"

"तुझा बाप डिझेलच्या गाडीतच—"

"बापाच्या वेळचं डिझेल उन्हाळी होतं, थंडीत गोठणारं, आपा. हिवाळ्यात टाकीत रॉकेल मिसळायचं हेसुद्धा कुणी नीट बघितलं नव्हतं. मी दोन बॅटऱ्या बसवीन. टाकीला लोकर गुंडाळीन. सगळं करीन. पण चढणारं इंजिन दे मला."

"बॅटरी मेली तर?"

"आपा," तो हळूच म्हणाला, "बॅटरी मेली नाही तर काय, ते कधी विचारशील?"

चार दिवसांनी तो एका ट्रकमध्ये बसून इंजिन बघायला ओशला गेला.

आता पुढं उलकाननं जे केलं ते तिला स्वतःला कुणी सांगितलं असतं तर तिनं त्या बाईला मूर्ख म्हटलं असतं. मेदेर गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती बाजारातल्या लोखंडी खोक्यात, जोरोच्या गॅरेजात जाऊन उभी राहिली. जोरो गाडीखाली झोपला होता. त्याला आधी तिचे बूट दिसले.

"अरे बापरे. एजे? मी गृहपाठ केलेला नाही."

"बाहेर ये. ते जुनं इंजिन तयार आहे ना?"

"तयार आहे. सशासारखं पळतंय." जोरो हात पुसत उभा राहिला. "पण मेदेर तर ओशला..."

"बसव ते जीपमध्ये."

"मेदेरनं सांगितलंय?"

"मी सांगतेय."

जोरोचं वय अडतीस, घरात तीन पोरं, गावात मान. पण तो तिच्यासमोर उभा राहिला तो पाचव्या इयत्तेतल्यासारखा, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत. "एजे, तो माझ्या नावानं बोंब मारील. जीप त्याची आहे."

"जीप त्याची आहे, आणि तो माझा आहे. दोन याक सोडते तुझ्याकडं. आणि हे बघ, हँडलचं भोक नीट मोकळं कर, त्यात गंज धरलाय."

तेवढ्यावर थांबली असती तरी निभावलं असतं. बसवलेलं इंजिन काढता येतं. तेही तिला कळत होतं, म्हणून तिनं पुढचं पाऊल टाकलं. इंजिन बसलं त्या शुक्रवारी तिनं मेंढा कापला, शेजारपाजार बोलावला आणि तुर्दाकुन आबांना हाताला धरून अंगणात आणलं. आबा गावात सगळ्यांत वडील. नव्या सुनेला, नव्या घराला, नव्या गाडीला त्यांची दुवा लागे. मेंढ्याचं रक्त बोटावर घेऊन त्यांनी इंजिनाच्या माथ्यावर ओढलं, तळवे तोंडासमोर धरले, वाट सुखाची होवो म्हणाले, सगळ्यांनी ओमिन म्हणून चेहऱ्यावरून हात फिरवले. रक्त लागलं, दुवा झाली, की ते इंजिन मग नुसतं लोखंड राहत नाही. ते उपटून दुसरं घालणं म्हणजे आबांच्या तोंडावर मारणं. तशा गाडीत मुरगाबातलं कुणी आपलं पोर बसवणार नाही. उलकानला हे पक्कं ठाऊक होतं. तिनं खिळा ठोकला होता आणि वर टोकही वाकवून ठेवलं होतं.

बेगायम दिवसभर पाहुण्यांना वाढत होती. उलकाननंच तिला लग्नानंतर शिकवलं होतं की चहा पेल्यात तळाशीच ओतायचा, माणूस पुन्हा पुन्हा मागत बसतो, त्यात त्याचा मान. काठोकाठ भरलेला पेला म्हणजे ऊठ आणि चालू लाग. त्या दिवशी सगळ्यांचे पेले तिनं रीतीनं अर्धेमुर्धे भरले. सासूचा भरला तो काठापर्यंत, पार वर फुगून राहील असा. शेजारणींनी पाहिलं आणि आपापल्या बोरसोककडं माना वळवल्या.

मेदेर आला तो रविवारी, हसत. ओशच्या विक्रेत्यानं ते डिझेल इंजिन पुढच्या शनिवारपर्यंत त्याच्यासाठी धरून ठेवलं होतं. त्यानं मुलीला खांद्यावर घेतलं, अंगणात आला, जीपचं बॉनेट उघडलं. रक्त वाळून तपकिरी झालं होतं.

तो बराच वेळ तसाच वाकून उभा होता. मुलगी त्याचे केस ओढत होती.

"दुवा कुणी दिली?"

"तुर्दाकुन आबांनी," उलकान दारातून म्हणाली.

"मेंढा कुठला?"

"काळ्या कानाचा."

"चांगला होता तो." त्यानं बॉनेट हळू खाली सोडलं. आदळलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

त्या उन्हाळ्यात जीप चालली. सपाटीला झकास चालायची, मुरगाबच्या गल्ल्यांतून खरंच सशासारखी. कंपनीच्या माणसानं दोन वेळा पाहुणे दिले. पहिल्या वेळी घाटात दोनदा थांबून रेडिएटर थंड करावा लागला. दुसऱ्या वेळी पाहुण्यांना चालत वर यावं लागलं, त्यातली एक बाई चक्कर येऊन पडली. मेदेर घरी काही सांगत नसे. उलकानला ते शाळेतल्या पोरांकडून कळे.

ऑगस्टात काराकोलला तिच्या भाचीचं लग्न होतं. मेदेरनं तिला आणि शेजारच्या दोघी बायकांना नेलं, मागं पिठाची पोती. अक-बैतालच्या शेवटच्या वळणांवर इंजिन धापा टाकायला लागलं. पहिल्या गिअरमध्येही पुढं सरेना. वाफ काचेवर आली.

"उतरा," मेदेर म्हणाला. "वर भेटू."

तिघी उतरल्या. छप्पन वर्षांची उलकान त्या विरळ हवेत दहा पावलं टाकायची आणि गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहायची. दर वेळी उभी राहिली की तिला आकडा आठवायचा, निम्म्याहून थोडी जास्त. मागून एक गाडी आली. खालून वर एकाच सुरात, न अडखळता. काराकोलचा तालाय, तिचाच जुना विद्यार्थी. गाडीत सहा पाहुणे, टपावर सामान. त्यानं काच खाली केली.

"एजे! चालत? गाडीत या, माझ्या मांडीवर जागा करतो. मेदेर येईल मागून, संध्याकाळपर्यंत!"

पाहुणे हसले. त्यांना भाषा कळत नव्हती, पण तालायचा चेहरा कळत होता.

"चाल तू," उलकान म्हणाली. "मला हवा खायचीय."

माथ्यावर मेदेर बॉनेट उघडून बसला होता. "आवाज ऐकलास ना?" तो म्हणाला. "तेच ते. ओशचं. शनिवारी मी गेलो नाही, रविवारी तालायनं घेतलं." मग गाडी चालू करायला बसला, तर स्टार्टर नुसता टक् करून गप्प. बॅटरी मेली होती.

त्यानं सीटखालून हँडल काढलं.

"अंगठा बाहेर ठेव," उलकानच्या तोंडून निघून गेलं. "उलटा झटका बसला तर अंगठा मोडतो."

त्यानं तिच्याकडं पाहिलं, अंगठा बाहेर ठेवला, आणि फिरवलं. तिसऱ्या हिसक्याला इंजिन धडधडायला लागलं. इतक्या उंचीवर, मेलेल्या बॅटरीवर, अगदी ती म्हणत होती तसंच.

"चालू झालं, आपा," मेदेर हँडल हातात धरून म्हणाला. "तुझंच खरं."

लग्नाहून परतल्यावर ती तडक तुर्दाकुन आबांकडं गेली. आबा उन्हात बसून कुरुत, वाळवलेल्या दह्याचा गोळा, चघळत होते.

"आबा, दुवा परत घेता येते का?"

"का, उसनी आणलेली कढई आहे का ती?"

"मी चुकले. तुम्ही म्हणालात तर ते इंजिन काढता येईल. तुमच्या शब्दाबाहेर कुणी जाणार नाही."

आबांनी कुरुत तोंडातल्या तोंडात या गालातून त्या गालात नेला. "पोरी, तू मेंढा कापला असतास तर मी चहाच्या समोवारलासुद्धा दुवा दिली असती. मला कुणी विचारलं का, आबा, कुठलं इंजिन? तू हात धरून आणलंस, बोट रक्तात बुडवलंस. काढा जा. मी कुणाला काही म्हणणार नाही." मग त्यांनी विचारलं, "पण त्या जागी घालणार काय?"

घालायला काही नव्हतं. ओशचं इंजिन तालायच्या गाडीत होतं, याक जोरोच्या कळपात होते, आणि त्याच आठवड्यात कंपनीच्या माणसानं बारमाही काम तालायला दिलं. ऑक्टोबरात, पहिला बर्फ पडायच्या आत, मेदेर मेव्हण्याकडं रशियाला निघाला. जाताना आईला मिठी मारली, तिच्या हातचा पाव रिवाजाप्रमाणे एक घास चावून मागं ठेवला, परत येईन तेव्हा उरलेला खाईन म्हणून. तो पाव कापडात बांधून खुंटीला टांगलेला आहे.

डिसेंबरात त्याचा फोन आला. आवाज जवळचा वाटत होता.

"थंडी आहे, पण केबिन गरम असते," तो म्हणाला.

"कसली केबिन?"

"टँकरची. नदी गोठली की तिच्यावरूनच रस्ता करतात. विहिरीपर्यंत तीनशे किलोमीटर."

"डिझेल?"

"आपा, इथं सगळं डिझेलच."

"हँडल..."

"एवढ्या मोठ्या इंजिनाला हँडल नसतं. बंदच करत नाही आम्ही. महिनोन् महिने चालू ठेवतो. काळजी करू नकोस."

"बाहेर किती आहे?"

"वीस. उणे वीस फार तर."

फोन ठेवल्यावर तिनं टीव्ही लावला. रशियन वाहिनीवर मेदेर होता त्या शहराचं नाव आलं, पुढं उणे चव्वेचाळीस. पुढच्या आठवड्यात तो म्हणाला, अठरा. टीव्हीवर सेहेचाळीस होतं. तिनं त्याला पकडलं नाही. त्याला हे कुणी शिकवलं ते तिला माहीत होतं, आणि चौकटीची ती वही अजून कपाटात होती.

इकडं जीप अंगणात उभी आहे. फार दिवस थांबलं तर इंजिन आतून धरेल, असं जोरो म्हणाला, म्हणून उलकान दर तिसऱ्या दिवशी शाळेला जायच्या आधी ते चालू करते. बॅटरी घरात उबेला ठेवते आणि ठिणगीपुरती आणून जोडते. इंजिनाच्या तळाशी ब्लोलॅम्पची फुरफुरती ज्योत धरून गोठलेलं तेल सैल करते, मग हँडल खुपसते, अंगठा बाहेर ठेवते, आणि फिरवते. जानेवारीतल्या एका सकाळी मुरगाबात उणे सदतीस होतं. दुसऱ्या हिसक्याला इंजिन चालू झालं. धूर निघाला, अंगण थरथरलं, शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

बेगायम दारात आली. कडेवर मुलगी.

"झालं चालू?"

"झालं."

"छान." बेगायमनं मुलीची टोपी खाली ओढली. "मग आता कुठं जायचंय, आपा?"

दहा मिनिटं तरी चालू ठेवावं लागतं, नाहीतर फिरवलेलं फुकट जातं. उलकान हँडल दोन्ही हातांत धरून जीपसमोर उभी राहिली आणि मिनिटं मोजत राहिली.